अंधार पडल्यावर सायकल: काय लावायचं, कसं चालवायचं, कायदा काय म्हणतो

नोव्हेंबर लागला की सायकलने कामावर जाणाऱ्यांना परतताना अंधार गाठतोच. मुंबई-पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, नागपूरकडे त्याच्याही जवळपास अर्धा तास आधी. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. पहाटे व्यायामाला निघणाऱ्यांचंही तेच. जानेवारीत पुण्यात सात वाजून गेल्याशिवाय सूर्य उगवत नाही.

दिवसा सायकल व्यवस्थित चालवता येते, पण अंधारात रस्त्यावर उतरायची सवय नाही, अशांसाठी हा लेख आहे. नवीन माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो 'किती लुमेनचा दिवा घेऊ?' (लुमेन म्हणजे दिवा किती उजेड देतो त्याचं माप.) माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. शहरातल्या रस्त्यावर तुम्हाला बहुतेक वेळा पुढचं दिसत असतं. मागून येणाऱ्याला तुम्ही वेळेत दिसत नाही, ही खरी अडचण. म्हणून आधी स्वतः दिसायची सोय करा, मग रस्ता दिसायची.

आधी कायदा, कारण तो छोटा आहे

मोटार वाहन कायदा १९८८ इंजिनावर किंवा मोटरवर चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. पायडल मारून चालणारी सायकल त्यात 'मोटार वाहन' ठरत नाही. त्यामुळे लायसन्स, नोंदणी, विमा, पीयूसी यातलं काहीच लागत नाही. हेल्मेटची सक्तीही दुचाकी मोटारसायकलींना आहे, सायकलला नाही. (हेल्मेट घालाच. सक्ती नाही म्हणून डोकं टणक होत नाही.)

याचा अर्थ सायकलवाल्याला कायदा लागू नाही असा कुणी काढू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ मध्ये रस्त्यावरच्या रहदारीचे नियम करण्याचा अधिकार पोलीस प्रशासनाला दिलेला आहे आणि त्यात सायकल चालवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. वाहनांवर किती दिवे, कुठे आणि कोणत्या वेळेत लावायचे हे ठरवण्याचा अधिकारही याच कलमात आहे. पुण्यात दिवा नसलेली सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडत, हे घरातल्या ज्येष्ठांकडून ऐकलं असेल. आज तसं कुणी अडवत नाही, पण म्हणून नियम करण्याचा अधिकार संपलेला नाही. याच अधिनियमात रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचं आणि फुटपाथवर वाहन न घालण्याचंही बंधन आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्या कुणालाही लागू शकतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात 'मोटार' हा शब्द नाही. दारू पिऊन सायकल चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम लागत नसेल, पण हे कलम आहे आणि राज्याचा दारूबंदी कायदाही आहे.

बॅटरीची सायकल असेल तर एक गोष्ट तपासा. मोटर २५० वॉटपेक्षा कमी हवी, ताशी २५ किलोमीटरला किंवा पायडल थांबवल्यावर तिची मदत बंद व्हायला हवी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवं, ब्रेक नीट हवेत, आणि पुढे एक पांढरा व मागे एक लाल रिफ्लेक्टर हवा. या अटींत बसली तरच ती सायकल. दुकानदाराने 'थ्रॉटल खोलून देतो, पन्नासला पळेल' म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात, की ती कायद्याने मोटारसायकल झाली आणि नोंदणीपासून विम्यापर्यंत सगळं मागे लागलं.

आणखी एक: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू इथे सायकल न्यायची नाही, दिवसाही नाही. रात्री मोबाइलवरचा नकाशा 'कार' या पर्यायावर राहिला तर तो बिनदिक्कत या रस्त्यांच्या तोंडाशी नेऊन उभं करतो. निघण्याआधी पर्याय बदलून घ्या.

मागचा लाल दिवा

पैसे मोजकेच असतील तर ते आधी इथे घाला. पुढून येणारा निदान तुमच्या डोळ्यांसमोर असतो, मागचा नसतो.

दिवा सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला लावायचा. लावल्यावर सायकलवर बसा, रोजची सॅक पाठीला अडकवा, जॅकेट घाला, आणि घरच्या कुणाला तरी पन्नास पावलं मागे जाऊन फोटो काढायला सांगा. निम्म्या वेळा फोटोत दिवा नसतोच. जॅकेटचा घोळ त्याच्यावर उतरलेला असतो, किंवा सीटखालची छोटी पिशवी तो झाकते. पावसाळ्यात रेनकोट हमखास झाकतो. तसं असेल तर दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा चाकाच्या बाजूच्या दांडीवर घ्या. त्याचं तोंड जमिनीकडे किंवा आकाशाकडे झुकलेलं नको, सरळ मागे हवं. स्वस्त दिव्यांचं रबर सैल पडलं की ते हळूहळू खाली मान टाकतात, म्हणून आठवड्यातून एकदा बघत जा.

लुकलुकता ठेवायचा की स्थिर? लुकलुकणारा दिवा लवकर नजरेत भरतो, पण त्यावरून सायकल किती अंतरावर आहे याचा अंदाज येत नाही. मी दोन लावतो, एक स्थिर आणि एक लुकलुकता. एकच असेल तर रस्त्यावर दिवे असलेल्या भागात लुकलुकता आणि मिट्ट काळोखात स्थिर ठेवा. घोळक्याने जाताना मात्र लुकलुकता बंद करा. मागच्या मित्राला तासभर तो डोळ्यांत घेऊन चालवायचं असतं.

रेडियमवाल्याकडे एक फेरी

नवीन सायकलला रिफ्लेक्टर लावूनच येतात: पुढे पांढरा, मागे लाल, पायडलला पिवळसर, आरांमध्ये पांढरे किंवा पिवळे. हौशी मंडळी सायकल 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पहिल्याच दिवशी ते काढून टाकतात. काढू नका. विशेषतः पायडलचे. ते सतत वर-खाली होतात, आणि मागच्या गाडीच्या उजेडात ती हालचाल पाहताच ड्रायव्हरला कळतं की पुढे माणूस पायडल मारतोय. रस्त्याकडेचा खांब किंवा दगड तसा हलत नाही.

त्यापुढचं काम नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे होतं. त्याच्याकडे ट्रकला लावतात ती चमकपट्टी मिळते. ट्रकचाच नियम सायकलला वापरा: मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. दोन सेंटिमीटर रुंद आणि बोटभर लांब तुकडे कापून घ्या. जागा आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, कारण चेनच्या तेलाचा थर राहिला तर पट्टी आठवड्यात सुटते. मग मागच्या चाकाच्या दोन्ही दांड्यांवर, पुढच्या फोर्कवर, मडगार्डच्या टोकाला आणि हेल्मेटच्या मागे लावा. गोल दांडीवर एक लांब पट्टी ताणून लावण्यापेक्षा छोटे तुकडे बरे बसतात, कडा उचलत नाहीत. सगळं मिळून चहा-वडापावच्या खर्चात होतं.

कपड्यांबद्दल एक गैरसमज. तो झगझगीत पोपटी किंवा भगवा रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला उत्तम दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून चमकतो. रात्री ते किरणच नसतात, म्हणून तो रंग साध्या फिक्या कपड्याइतकाच दिसतो. अंधारात चमकते ती त्यावरची चंदेरी पट्टी. पट्टी असलेलं जाळीचं जॅकेट घ्या, रस्त्याचं काम करणारे घालतात तसंही चालेल. सॅक घालत असाल तर पट्टी सॅकवर हवी, नाहीतर जॅकेट आत आणि काळी सॅक बाहेर अशी गंमत होते. एक पट्टी घोट्याला आणि एक उजव्या मनगटाला बांधा. मनगटाची का, ते पुढे येईल.

मात्र रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. ज्या गाडीचा दिवा त्याच्यावर पडतो, तिच्याच ड्रायव्हरला तो चमकून दिसतो. गल्लीतून आडवी येणारी बाइक, दिवे बंद ठेवून उलट येणारी रिक्षा, रस्ता ओलांडणारा माणूस, यांच्यासाठी त्याचा उपयोग शून्य. म्हणून दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही लागतात.

पुढचा दिवा

आता लुमेन. रस्त्यावर दिवे असलेल्या शहरी भागात २०० ते ३०० पुरतात. गावाकडचा, घाटाचा किंवा दिवे नसलेला रस्ता असेल तर ५००च्या पुढे जा. खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवण्याआधी बॅटरी बघा. १२०० एमएएचची (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप, तिच्यावर लिहिलेलं असतं) लिथियम बॅटरी म्हणजे साधारण साडेचार वॉट-तास. चांगला एलईडी एका वॉटमागे शंभरेक लुमेन देतो. म्हणजे हजार लुमेनला दहा वॉट लागतील आणि ती बॅटरी अर्धा तासही टिकणार नाही. अशा खोक्यावर '१००० लुमेन, ६ तास' लिहिलं असेल तर दोन्हीतली निदान एक गोष्ट थाप आहे.

किती लांबचं दिसायला हवं याचा हिशेब सोपा आहे. ताशी २० किलोमीटरने जाताना तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकता. खड्डा दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात आठ मीटर गेले. थांबायला आणखी चारेक मीटर. म्हणजे कोरड्या रस्त्यावर बारा-तेरा मीटर. तीसच्या वेगाला हाच आकडा एकवीस-बावीस मीटरवर जातो, ओल्या रस्त्यावर त्याहून पुढे. तुमचा दिवा पंधरा मीटरपर्यंतच स्पष्ट दाखवत असेल तर वेग वीसच्या आसपास ठेवायचा. उतारावर हे हमखास विसरतं.

दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही असा लावायचा. त्यासाठी घराजवळची भिंत पुरते. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा आणि जमिनीपासून दिव्याच्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारा. उजेडाचा सगळ्यात प्रखर भाग त्या रेघेच्या खाली पडायला हवा. मग रस्त्यावर नेऊन बारीक फेरफार करा. समोरून येणारा बाइकवाला डोळ्यांवर हात धरत असेल किंवा अप्पर-डिपर मारत असेल तर तुमचा दिवा वर आहे. पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका, त्या उजेडात तुम्हालाच खड्डा कळत नाही.

पाण्यापासून बचावासाठी आयपीएक्स४ किंवा त्यापुढचं मानांकन बघा. मोबाइलचा टॉर्च हा दिवा नव्हे. तो हँडलला बांधून निघणाऱ्यांचा मोबाइल पहिल्या गतिरोधकाला सुटतो.

निघण्याआधीची दोन मिनिटं

दोन्ही दिवे पेटवून बघा, चार्ज बघा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक सरकता कामा नये. टायर अंगठ्याने दाबा. हवा कमी असेल तर अंधारातला खड्डा ट्यूबला दोन भोकं पाडतो. घंटी वाजते ना? खिशात जास्तीचा छोटा दिवा ठेवा. मुख्य दिवा गेला तर उपयोगी, आणि पंक्चर काढताना तर फारच. पंक्चर रस्त्याकडेला बसून काढू नका. सायकल ढकलत पेट्रोल पंप, चहाची टपरी किंवा एटीएमच्या उजेडात न्या.

कुठून जाणार आणि कधी पोचणार हे घरी सांगा, मोबाइलचं लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. लॉक केलेला मोबाइल मदतीला आलेल्या माणसाला उघडता येत नाही.

शहरातल्या रस्त्यावर

नवीन माणूस भीतीने रस्त्याच्या अगदी कडेला जातो. तिथेच सगळं असतं: वाळू, काचा, गटाराची जाळी (तिचे गज रस्त्याच्या दिशेने असले तर चाक आत अडकतं), डांबराची तुटलेली कड. शिवाय कडेला चिकटलात की मागचा समजतो जागा आहे, आणि अंगावरून गाडी काढतो. कडेपासून साधारण एक मीटर आत, सरळ रेषेत चाला. पार्क केलेल्या गाड्यांपासूनही एवढंच अंतर ठेवा, कारण अंधारात गाडीत कुणी बसलंय की नाही ते दिसत नाही आणि दार अचानक उघडतं.

राँग साइडने जाऊ नका. 'दोनशे मीटरच तर आहे' म्हणून दिवसा सगळे जातात. रात्री तो जुगार आहे. वळून रस्त्यावर येणारा ड्रायव्हर उजवीकडेच बघतो, तुम्ही डावीकडून येता. मागचा लाल दिवाही त्याला दिसत नाही.

उजवीकडे वळायचं असेल तर मागे बघा, मग उजवा हात पूर्ण बाहेर काढा. अंधारात नुसता हात दिसत नाही, मनगटाची चमकपट्टी दिसते. रस्ता मोठा आणि रहदारी वेगाची असेल तर हे धाडस नको. सरळ चौक ओलांडा, पलीकडे डाव्या बाजूला थांबा, सायकल फिरवा आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की निघा. रात्री अकरानंतर अनेक चौकांत सिग्नल नुसता पिवळा लुकलुकतो. त्याचा अर्थ 'सावकाश, बघून जा' असा आहे, आणि समोरचा तसा घेईलच असं धरून चालू नका.

सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला घुसून उभं राहू नका. ती डावीकडे वळली तर ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसतच नाही. मागे थांबा.

समोरून अप्पर लाइट अंगावर आला की त्याच्याकडे बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा, पायडल थांबवा, वेग उतरू द्या. गाडी गेल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही. खड्ड्यात जाण्याची वेळ तीच. पावसाळ्यात रस्त्यावर चकाकणारा गोल दिसला तर तो पाण्याने भरलेला खड्डा आहे असंच धरा. रंग न मारलेले गतिरोधक ही आपली खास देणगी. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकाच जागी वर-खाली होत असतील तर तिथे गतिरोधक आहे.

कानात इअरफोन नको, एकाही कानात. मागची गाडी किती जवळ आली हे आधी कानालाच कळतं.

कुत्री

रात्री रस्ता त्यांचा असतो. पळणाऱ्या सायकलचा ती पाठलाग करतात, आणि जोरात पायडल मारून सुटायला जाणारा माणूस मागे बघत बघत दुभाजकावर आदळतो. वेग कमी करा, दरडावणीच्या आवाजात एकदा ओरडा. तरी आली तर उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढे जा. बहुतेक वेळा चालत्या माणसात त्यांना रस उरत नाही. चावलंच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच रात्री दवाखाना गाठा. रेबीजच्या लसीत 'सकाळी बघू' चालत नाही.

गावाकडचा रस्ता आणि घाट

ऊसपट्ट्यात गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेव्हा कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरकडे रात्री सगळ्यात जपायचं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बाहेर आलेले, मागे दिवा नाही, आणि असलाच तर तो उसाने झाकलेला. ट्रॅक्टरवर गाणी दणाणत असतात, त्यामुळे तुमची घंटी ऐकू जाणं शक्य नाही. ओलांडून पुढे जाण्यापेक्षा मागे अंतर ठेवून राहा. समोरून आला तर कडेला उतरून थांबा, कारण मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते. बंद पडलेल्या ट्रकभोवती ठेवलेले दगड ट्रक गेल्यावरही तिथेच असतात. सुगीच्या दिवसांत रस्त्यावर वाळत घातलेलं धान्यही अंधारात दिसत नाही, आणि त्यावर चाक घसरतं.

घाटात उतरताना वेग दिव्याच्या पल्ल्यात ठेवा, दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरा. पावसाळ्यात धुकं उतरलं तर पुढचा दिवा मंद करा; प्रखर उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो. मागचा मात्र पूर्ण ताकदीने. समोर दहा मीटरही दिसत नसेल तर सायकल रस्त्यातून बाहेर काढून थांबा.

पहाटे तीन ते पाच ही वेळ मी शक्यतो टाळतो. रस्ता रिकामा असतो हे खरं, पण रात्रभर गाडी हाकून ड्रायव्हरचे डोळे मिटत असतात ते याच वेळी. सिंहगडला किंवा लोणावळ्याला पहाटे जायचंच असेल तर साडेपाचनंतर निघा आणि सुरुवातीचे काही महिने सोबतीने जा. दोघं-तिघं असलात तरी एकामागे एक चाला, गप्पा चहाच्या टपरीवर.

अपघात झालाच तर

आधी रस्त्यातून बाहेर व्हा. पडलेल्या माणसाला मागून येणारी दुसरी गाडी उडवते, अंधारात हे जास्त घडतं. मग ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. बघ्यांना हे मोठ्याने सांगा, लोक पुढे येतात.

मोटार वाहनामुळे अपघात झाला असेल तर २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. सायकलस्वारही त्यात येतो. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देणारी गाडी पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात जातो. या सगळ्याला पोलीस ठाण्यातली नोंद लागते, म्हणून 'जाऊ द्या, खरचटलंय फक्त' म्हणून घरी जाऊ नका. डोक्याचा मार तर दुसऱ्या दिवशी बोलतो.

समोरची बाजू 'सायकलला दिवाच नव्हता' असं म्हणणार हे धरून चाला. पंचनामा होईपर्यंत सायकल हलवावी लागली तर आधी फोटो काढा: सायकल, गाडी, नंबर, रस्ता, आणि दिवे पेटलेले असतील तर पेटलेल्या अवस्थेत. पंचनाम्यात दिवे आणि रिफ्लेक्टर यांचा उल्लेख करायला लावा. फुटलेला दिवा, त्याचे तुकडे आणि खरेदीची पावती जपून ठेवा, आणि दावा निकाली निघेपर्यंत ती सायकल दुरुस्तीला टाकायची असेल तर वकिलाला विचारूनच टाका.